विंडोज १० नंतर मिंट लावावं का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. २९ जुलै २०१५ ला आलेली ही संगणकप्रणाली दहा वर्षं चालली. तालुक्याच्या गावातलं डीटीपी सेंटर, पतसंस्थेचं कार्यालय, जिल्हा परिषदेची शाळा, घरातल्या कोपऱ्यातलं टेबल, कुठेही पाहा, संगणक आहे तिथे बहुधा ती असतेच. आता पुढे काय, असा प्रश्न या सगळ्यांपुढे आहे. विंडोज ११ वर जायचं, की आहे त्याच यंत्रावर लिनक्स ही मुक्त प्रणाली लावायची? लिनक्सचे प्रकार पुष्कळ आहेत. विंडोजची सवय झालेल्या माणसाला त्यातला लिनक्स मिंट हा प्रकार सहसा सुचवला जातो. क्लेमां लफेव्हर यांनी २००६ मध्ये तो सुरू केला. तो फुकट मिळतो आणि प्रकल्पाचा खर्च देणग्या व प्रायोजकांवर चालतो.

या लेखातले मामा आणि भाची म्हणजे या प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. मामांचा डीटीपीचा जुना व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, वार्षिक अहवाल आणि स्मरणिका ही त्यांची रोजची कामं. भाची शाळेत संगणक शिकवते. दोघांनीही मिंट वापरून पाहिलं आहे, पण दोघांची मतं जुळत नाहीत. नव्या प्रणालीबद्दल लिहिताना बहुतेकदा रंग, खिडक्या आणि मेनू यांवरच लिहिलं जातं. या दोघांची चर्चा फार लवकर त्याच्या पलीकडे गेली, म्हणून ती मला महत्त्वाची वाटते.

मामा : एक सांगतो, चौदा तारखेला काहीही बंद पडलं नाही. सकाळी यंत्र चालू केलं, पानं मांडायचा पेजमेकर उघडला, प्रूफ काढलं. मग एवढी घाई कशाची?

भाची : बंद पडणार नव्हतंच, मामा. बंद झालं ते दुरुस्त्यांचं येणं. विंडोजमध्ये आता एखादी फट सापडली तर ती उघडीच राहणार. तुमच्या दुकानात दिवसभर लोक पेनड्राइव्ह घेऊन येतात. कुणाचा पेनड्राइव्ह कुठल्या यंत्राला लागून आलाय, तुम्ही विचारता का?

मामा : विचारत नाही, विचारून धंदा होत नाही. पण मायक्रोसॉफ्टने वर्षभराची मुदतवाढ दिली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यांचं खातं जोडून सेटिंग्ज सिंक केली की पैसेही पडत नाहीत.

भाची : आणि त्यानंतर?

मामा : त्यानंतर विंडोज ११. ते वाईट नाही, हे मी वापरून सांगतोय. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनावर माउस नेला की पडद्याची विभागणी समोर येते. डावीकडे हस्तलिखिताचं स्कॅन, उजवीकडे पान, असं एका क्लिकमध्ये बसतं. आमच्या कामात याचा फार उपयोग होतो. स्टार्टचं बटण मधे आणून ठेवलंय, तेही सेटिंगमधून परत डावीकडे नेता येतं. राइट-क्लिकचा मेनू छोटा केलाय तो मला आवडला नाही, पण सवय होईल.

भाची : तुम्ही नवं यंत्र घेऊ शकता. आमच्या शाळेतली यंत्रं ग्रामपंचायतीने दिलेली आहेत, जुनी आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, सिक्युअर बूट करू शकणारं यूईएफआय लागतं, आणि मान्य प्रोसेसरांची यादी आहे. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ च्या सुमाराचा किंवा नंतरचा. आमच्याकडचे त्याच्या आधीचे आहेत. चालू स्थितीतल्या यंत्रावर मुलं शिकताहेत आणि ते यंत्र यादीत नाही म्हणून बाद?

मामा : ती अट हौसेखातर घातलेली नाही. टीपीएम म्हणजे किल्ल्या ठेवण्याची वेगळी जागा. डिस्क कुलूपबंद केली तर किल्ली प्रोग्रामांच्या हाती लागत नाही. चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधली माहिती त्याने वाचते.

भाची : बँकेच्या लॅपटॉपला ते हवंच. पण पाचवीतली मुलगी चित्र काढायला बसते त्या यंत्राला? कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ च्या अखेरीला अंदाज दिला होता की विंडोज १० ची मुदत संपल्यामुळे जगभरात सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात. त्यातली किती यंत्रं खरोखर नादुरुस्त असतील? मिंटला दोन जीबी रॅम पुरते, नीट चालायला चार. आमच्या यंत्रांत चार आहे. मुलं टक्स पेंट आणि जीकॉम्प्री उघडून बसतात. खाली कुठली प्रणाली आहे हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

मामा : शाळेचं मी मान्य करतो, तिथे लावा. वाद माझ्या टेबलाचा आहे.

(इथे मीही मामांच्या बाजूचा. शाळेतला संगणक शिकण्यासाठी असतो आणि शिकताना यंत्र बदललं तरी काही अडत नाही. पोटाचं काम ज्या यंत्रावर चालतं त्याला वेगळी कसोटी लावावी लागते.)

भाची : मग तुमच्या टेबलाचंच बोला. तुम्हाला पेनड्राइव्ह करून दिला होता. पहिल्यांदा चालू केलंत तेव्हा काय वाटलं?

मामा : खरं सांगू? धास्ती होती, ती गेली. हार्डडिस्कला हात न लावता प्रणाली पेनड्राइव्हवरूनच उघडते, हे मला फार पटलं. लावायच्या आधी आपल्याच यंत्रावर चालवून बघायचं. वायफाय आपोआप मिळालं. मेनू खाली डावीकडे, घड्याळ उजवीकडे, फायली फोल्डरात. फायरफॉक्स, थंडरबर्ड, लिब्रेऑफिस आधीच घातलेलं. दुरुस्ती आली की कोपऱ्यात खूण दिसते आणि ती कधी घालायची ते आपण ठरवायचं. काम अर्धवट असताना यंत्र स्वतःहून बंद होऊन चालू होत नाही. टाइमशिफ्ट म्हणून एक सोय आहे, काही बिघडलं तर प्रणाली कालच्या स्थितीत नेता येते. हे सगळं चांगलं आहे.

भाची : आणि मराठी?

मामा : तिथे तर मी ठाण मांडून बसलो. इनस्क्रिप्ट लेआउट निवडला की लगेच चालतो, वेगळं काही घालावं लागत नाही. पहिल्यांदा 'दऱ्या' आणि 'सुऱ्या' टाइप केलं. हिंदीपुरतं करून सोडलेलं असतं तिथे हाच र मोडतो. मिंटमध्ये बरोबर आला. मग ल आणि श. राज्य सरकारच्या २००९ च्या वर्णमालेत पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला आहे. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी होती तोवर ल हिंदी वळणाचा दिसत होता. भाषा मराठी केली आणि त्याच फॉन्टमधला ल पाकळीचा झाला! सगळ्या फॉन्टांत ही सोय नसते, पण ज्यात आहे त्यात प्रणालीने ती बरोबर वापरली. एवढ्यावर मी खूश झालो होतो.

भाची : मेनूही मराठीत करून पाहिलेत?

मामा : पाहिले. अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी. स्वयंसेवक भाषांतर करतात, जेवढं झालं तेवढं दिसतं. मला त्याने काही अडलं नाही. अडलं ते पुढे. मी माझं जुनं काम उघडलं.

भाची : पेजमेकरचं?

मामा : हो. पेजमेकर मिंटवर नाही, म्हणून आशा नव्हती. पण लिब्रेऑफिस ड्रॉने ती फाइल उघडली. चौकटी जागच्या जागी, रेघा जागच्या जागी. आणि मजकुराच्या ठिकाणी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची खूण, सगळा गोंधळ. एका गावच्या वाचनालयाची स्मरणिका होती ती. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी हाताने लिहून दिलेल्या आठवणी मी स्वतः टाइप केल्या होत्या. एक शब्द वाचता येईना.

या ठिकाणी मला मामांना थांबवून वाचकाशी बोलायचं आहे. हा गोंधळ मिंटमध्ये निर्माण झालेला नाही. विंडोज ९५ आणि ९८ ला देवनागरी येत नव्हती. युनिकोड या जागतिक प्रमाणात देवनागरी १९९१ पासून आहे, पण विंडोजमध्ये ती पोचली विंडोज २००० मध्ये, मंगल फॉन्टसोबत. छपाईचं काम त्याआधीच संगणकावर आलं होतं आणि ते थांबू शकत नव्हतं. फॉन्ट बनवणाऱ्यांनी मग वाट काढली. इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांची आणि अर्ध्या अक्षरांची चित्रं बसवली. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच राहिला, वाचणाऱ्याला मराठी दिसू लागला. प्रत्येक कंपनीने अक्षरं आपापल्या पद्धतीने मांडली. त्या काळात ती गरज होती आणि त्या फॉन्टांनी मराठी छपाई तगवली, हे ऋण मान्य करायलाच हवं. पण पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तिलाही युनिकोड येत नाही. त्यामुळे युनिकोड हाताशी आल्यानंतरही मराठी डीटीपीत कितीतरी वर्षं तोच जुना प्रकार चालू राहिला.

भाची : मामा, तीच फाइल अगदी नव्या विंडोज ११ वर उघडून बघा. तुमचं फॉन्टचं पॅकेज नसेल तर तिथेही हाच गोंधळ दिसेल.

मामा : पण तिथे पॅकेज घालता येतं ना!

भाची : फॉन्टची फाइल मिंटमध्येही घालता येते, अक्षरं दिसायला लागतील.

मामा : दिसतील, पण टाइप कशी करायची? त्या पॅकेजचा कळफलक विंडोजवरच चालतो. आणि मागे लावायचं ते कुलूप, डोंगल, ते मिंटला ओळखता येत नाही. मी एका लग्नपत्रिकेतली तारीख बदलू शकलो नाही. गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि गेल्या वर्षीच्या मोठ्या मुलीच्या पत्रिकेत धाकटीचं नाव घालून द्या म्हणतंय. त्याला काय सांगू, माझी प्रणाली स्वतंत्र आहे म्हणून?

भाची : ते डोंगल खराब झालं तर?

मामा : (थोडं थांबून) तर नवं घ्यायचं.

भाची : मिळेल तोवर. म्हणजे गावाच्या आठवणी त्या छोट्याशा तुकड्याच्या भरवशावर आहेत. आणि मला सांगा, त्या स्मरणिकेत शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापकांवर लेख होता असं तुम्ही म्हणता. तुमच्या संगणकावर त्यांचं नाव शोधून दाखवा.

मामा : शोधता येत नाही. फाइलचं नाव आठवावं लागतं.

भाची : हेच म्हणतेय मी. युनिकोडमध्ये असतं तर नाव टाइप केलं की सापडलं असतं. विंडोजवर, मिंटवर, मोबाइलवर, कुठेही. शुद्धलेखन तपासता आलं असतं. दृष्टिहीन माणसाला ते यंत्राकडून वाचून घेता आलं असतं. तुमच्या फायलींतलं मराठी फक्त डोळ्यांना दिसतं, संगणकाला ते मराठी म्हणून माहीतच नाही.

मामा : अगं, रूपांतर करायला मी काय बसलो नव्हतो? फुकटची साधनं आहेत, वापरली. जुन्या पद्धतीत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम. रूपांतर करणारा प्रोग्राम तो क्रम फिरवतो आणि जोडाक्षर आलं की चुकतो. 'कीर्ती'चा रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. 'ऱ्या' तर हमखास बिघडतो. एकेक पान पुन्हा प्रूफ करावं लागतं. त्याचे पैसे कोण देणार? वाचनालय? त्यांना वर्तमानपत्रांचं बिल भरताना नाकी नऊ येतात.

या प्रश्नावर भाचीजवळ उत्तर नव्हतं आणि माझ्याजवळही पूर्ण उत्तर नाही. काम वेळखाऊ आहे. ज्याने ते टाइप केलं तोच ते सर्वांत चांगलं तपासू शकतो, आणि असे लोक आता साठीच्या पुढे गेले आहेत. म्हणूनच हे काम मला प्रणाली बदलण्यापेक्षा जास्त तातडीचं वाटतं.

भाची : बरं, जुनं बाजूला ठेवू. नवं काम तरी युनिकोडमध्ये करा. पानं मांडायला स्क्रायबस आहे. जानेवारी २०२४ च्या १.६ आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं नीट बसतात, चार रंगांची पीडीएफ निघते. फॉन्ट हवेत तर 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे 'मुक्त' आणि 'बालू' आहेत, राज्य मराठी विकास संस्थेने काढलेले यशोमुद्रा आणि यशोवेणू आहेत. सगळे मोफत.

मामा : स्क्रायबस मी पाहिलं. पुस्तकाच्या पानांना चालेल, शिकायला वेळ लागेल. पत्रिकेला नाही. पत्रिकेची नक्षी, गणपती, कलश, सगळा माल कोरलमध्ये आहे. कोरलच्या जागी इंकस्केप चांगलं आहे, पण त्याचा सगळा कारभार पडद्याच्या रंगांत, छपाईच्या चार रंगांत नाही. फोटोंसाठीच्या जीआयएमपीची तिसरी आवृत्ती २०२५ मध्ये आली, तरी हे दुखणं पूर्ण गेलेलं नाही. आणि ऑफसेटवाला फोनवर पहिला प्रश्न विचारतो, कोरलची फाइल आहे ना?

भाची : कोरलचा हट्ट का? त्यांना पीडीएफ चालायला हवी.

मामा : चालायला हवी खरी, पण शेवटच्या क्षणी आडनावातली चूक सापडली की प्रेसवाल्याला तिथल्या तिथे फाइल उघडून ती सुधारायची असते. ही सोय आहे, हट्ट नाही. शिवाय माझा हिशेब टॅलीत आहे, तेही विंडोजचंच. आणि छोटा लेझर प्रिंटर! नवे प्रिंटर मिंट आपोआप ओळखतं म्हणतात. माझा जुना आहे, त्याची भाषा फक्त कंपनीच्या ड्रायव्हरला कळते. दुपार गेली, प्रिंट निघाली नाही.

भाची : म्हणून तुम्ही परत गेलात.

मामा : म्युनिक शहर नाही का परत गेलं? २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार यंत्रं बदलली आणि २०१७ मध्ये नगरसभेने पुन्हा विंडोजचा ठराव केला. एवढी मोठी नगरपालिका दमली.

भाची : आणि केरळ? तिथल्या सरकारी शाळांनी याच शतकाच्या पहिल्या दशकात मुक्त प्रणाली घेतली, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, स्वतःची आवृत्ती काढली, आणि ती आजही चालू आहे. त्यांनी पाठ्यपुस्तकांपासून सगळं त्याच पायावर उभारलं. नुसती यंत्रं बदलून भागत नाही, फायली आणि माणसंही सोबत न्यावी लागतात.

मामा : मग माझ्या फायली सोबत येईपर्यंत माझं विंडोज राहू दे.

भाची : राहू दे. फक्त त्या यंत्राला इंटरनेट लावू नका. गिऱ्हाइकाचे पेनड्राइव्ह, मेल, ऑनलाइन फॉर्म यांना दुसऱ्या टेबलावरचं मिंट वापरा. एवढं कबूल करा.

मामा : हे कबूल. फॉर्म भरायला तसंही वेगळं यंत्र हवंच होतं. आणि ती स्मरणिका आण इकडे. तू रूपांतर करून दे, मी तपासतो. रोज चार पानं.

वाद इथे थांबला, मिटला असं मी म्हणणार नाही. मामांचं टेबल अजून बराच काळ विंडोजवर राहील आणि तसं राहण्यात काही गैर नाही. मिंटबद्दल माझं मत मात्र स्पष्ट आहे. शाळा, वाचनालयं, घरचा ब्राउझर आणि पत्रव्यवहार, यांच्यासाठी जी यंत्रं विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत, त्यांवर ते आजच लावावं. मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. मराठी तिथे नीट लिहिता आणि वाचता येते. छपाई आणि हिशेबाच्या टेबलावर ते लगेच लावू नये. तिथे आधी पेनड्राइव्हवरून चालवून आपला प्रिंटर, आपली रोजची फाइल आणि आपला कळफलक तपासावा.

पण या दोघांना ऐकताना मला खरी भीती वाटली ती वेगळीच. विंडोज १० गेलं, उद्या ११ जाईल, मिंटच्याही आवृत्त्या संपतील. प्रत्येक वेळी यंत्र बदलता येतं. जुन्या फॉन्टांत अडकलेला मजकूर मात्र आपोआप कुठेच जात नाही. १९९० नंतरच्या कितीतरी स्मरणिका, संस्थांचे अहवाल, गावांचे इतिहास, छोट्या प्रकाशकांची पुस्तकं अशाच फायलींत पडून आहेत. छापील प्रत कुठे उरली असेल तर तेवढीच. हा मजकूर सोडवण्याची जबाबदारी एकट्या मामांवर टाकणं अन्यायाचं आहे. स्मरणिका काढणारी संस्था, लेखक आणि ग्रंथालय यांनीही ती उचलली पाहिजे. तुमच्या संस्थेचा अहवाल, स्मरणिका किंवा पुस्तक यापुढे छापायला द्याल तेव्हा काम युनिकोडमध्येच करायला सांगा, आणि छापील प्रतींसोबत त्या मजकुराची फाइलही मागून घ्या.